ऑफिसचं नाव काढायचं नाही

साहेबाचा दात वाळूत पडला, तेव्हा बारक्याने टाळ्या वाजवल्या.

"पुढचा आहे की दाढ?" त्याने आस्थेने विचारलं.

साहेबाने जिभेने चाचपून पाहिलं. पुढचा होता. लंबू मूठ झटकत उभा होता. दात लागून त्याचंही बोट फाटलं होतं. मागे बारमध्ये भर दुपारी गाणी धडधडत होती आणि उघड्या अंगाची शंभरएक माणसं गुडघाभर पाण्यात नाचत होती. रक्त पाहून कुणाचा ठेका चुकला नाही. ह्या बेटावर लोक मजा करायलाच येतात.

तिघे शाळेपासूनचे मित्र आणि नोकरीलाही एकाच मालवाहतूक कंपनीत. एकाला गेल्या वर्षी मुख्य कचेरीत केबिन मिळाली, म्हणून तो साहेब. लंबू गोदामात, पेट्या उचलून उचलून त्याचे हात वल्ह्यांसारखे झालेले. बारक्या बंदरावरच्या डेपोत वजनकाट्यावर बसे. भरलेले ट्रक तो किलोकिलोने मोजी, पण तो स्वतः चढला तर काटा हलत नसे. त्याच्या बायकोला सातवा चालू होता. बाप व्हायच्या आधी एकदा पाठीवर पिशव्या टाकून हुंदडून येऊ, हा हट्ट त्याचाच.

नियम मात्र लंबूचा. येताना बोटीत साहेब त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "लंब्या, ऑफिसातलं एक बोलायचंय," आणि लंबूने तिथल्या तिथे जाहीर केलं, की बेटावर ऑफिसचं नाव काढायचं नाही. काढेल त्याला ठोसा. खराखुरा, दोस्तीतला नव्हे. बारक्याला हे इतकं आवडलं की त्याने तिघांचे फोन होस्टेलच्या लॉकरमध्ये कोंडले आणि किल्ली गळ्यात घातली.

साहेबाची अडचण अशी, की गोष्ट थांबणारी नव्हती. गोदाम बंद होणार होतं. लंबूची नोकरी जाणार होती, आणि त्याच्या घरात कमावता तो एकटा. वरच्यांच्या हातापाया पडून साहेबाने एवढं कबूल करून घेतलं होतं, की लंबूने रविवार मावळायच्या आत फोनवर हो कळवलं तर दुसरीकडे त्याची सोय लागेल. परतीची बोट रविवारी दुपारची होती आणि घरी पोचेपर्यंत रात्र होणार होती.

पहिला प्रयत्न त्याने खोलीत केला. आठ पलंग आणि प्रत्येकाच्या दांडीवर ओल्या चड्ड्या. "लंब्या, गोदामाचं..." एवढंच झालं आणि ठोसा बरगडीत बसला. वरच्या पलंगावरची एक परदेशी मुलगी किंचाळत खाली उतरली, पोलिसांना बोलावते म्हणाली. साहेबाने कळ दाबत तिला समजावलं, की नको, हे माझे जिवलग मित्र आहेत. तिने संध्याकाळपर्यंत खोली बदलली.

दुसरा प्रयत्न समुद्रात, गळाभर पाण्यात. "तुझी नोकरी..." म्हणताच लंबूने त्याचं मुंडकं धरून खाली दाबलं. साहेब वर आला तो नाकातून खारं पाणी आणि थोडं लाल घेऊन. पाण्यात ठोसा नीट बसत नाही, म्हणून तो किनाऱ्यावर आल्यावर दिला. लंबू कुणाचं काही बाकी ठेवत नसे.

तिसऱ्यांदा साहेबाने वाळूत बोटाने लिहायला घेतलं. तोंड उघडलंच नाही तर नियम कसा मोडेल, असा त्याचा कायदेशीर विचार. लंबूने पहिलं अक्षर पायाने पुसलं. दात पडला तो तेव्हाच.

"ह्याला मार खायची चटक लागलीय," बारक्या म्हणाला. "केबिनमध्ये कोणी मारत नसेल ना बिचाऱ्याला."

रविवारी दुपारी धक्क्यावर बोटीने भोंगा दिला. बारक्या फोन आणायला होस्टेलकडे पळाला होता. साहेबाने लंबूला तिकीटखिडकीच्या मागे गाठलं. त्याचा ओठ सुजून नाकाला टेकला होता.

"मार," तो म्हणाला. "हवं तेवढं मार, पण ऐकून घे. गोदाम बंद होतंय. तू हो म्हण, बंदरावर वजनकाट्याची जागा तुला मिळतेय. बारक्याने फोन आणला की आधी तेवढं कळव."

लंबूने मूठ उचलली नाही.

"माहितीये," तो म्हणाला. "तुमच्या केबिनच्या आधी आम्हा पेट्या उचलणाऱ्यांना कळतं. त्या काट्यावर खुर्च्या किती रे?"

साहेब खाली बघू लागला. खुर्ची एकच होती.

"दोघांना नाही वाचवता येत, लंब्या. तुला तरी..."

"घरी आई आहे माझी," लंबू म्हणाला. "तू नीट विचारलंस तर मी हो म्हणेन. म्हणून तुला विचारू देत नव्हतो."

तेवढ्यात बारक्या धापा टाकत आला. गळ्यात किल्ली, ओंजळीत तीन फोन, तोंडभर हसू.

"काय खुसपुसताय? ऑफिस ना? तोंडं बघूनच कळतंय! लंब्या, हा धर तुझा फोन, आणि हाण त्याला!"

लंबूने फोनकडे पाहिलं.

"राहू दे तुझ्याकडे," तो म्हणाला. "घरी पोचलो की दे."

मग तो साहेबाकडे वळला. साहेबाने चष्मा काढून खिशात ठेवला आणि तोंड पुढे केलं. ठोसा आतापर्यंतच्या सगळ्यांत जोरात बसला.

बारक्याने टाळ्या वाजवल्या.