पटावरचं नाव

“राही रंभाजी साबळे,” बाईंनी हजेरीत पुकारलं आणि जुन्या महालाच्या बागेत दोन माना वर झाल्या.

एक मान आठवीच्या रांगेतली. तिनं असा खणखणीत “हजर” ठोकला की पोरी खिदळल्या. वर्गात तिला मुलूखमैदान तोफच म्हणत. दुसरी मान खालच्या, कोरड्या पडलेल्या तळ्यातली. डोक्यावर गाळाचं घमेलं होतं. वर झाली तशीच ती पटकन फिरली.

रांगेतल्या राहीनं ती मान ओळखली. ती आक्का होती. गावची माणसं दुष्काळी कामावर गेलीत एवढं तिला कळलं होतं. नगरला, तिच्या शाळेच्या सहलीच्या बागेतच आलीत, हे कोण कळवणार?

रांगेतल्या राहीचं खरं नाव भिमा. राही ती थोरली, आक्का. मारुतीच्या देवळात गावची शाळा भरायची. आक्का दुसरीत असताना आई बाळंतपणात गेली आणि मागं राहिलेलं तान्हं आक्काच्या कडेवर आलं. पट कमी झाला तर शाळा मोडेल, म्हणून गुरुजींनी बापाला सांगितलं, थोरलीच्या जागी धाकटी पाठव, नाव तेच राहू दे. पहिल्या दिवशी गुरुजींनी राही पुकारलं तर भिमा गप्पच. देवळाच्या पायरीशी तान्ह्याला झुलवत उभी असलेली आक्का सवयीनं “हजर” बोलून गेली. वर्ग हसून लोळला. आक्काही हसली. संध्याकाळी चुलीपुढं राख पसरून तिनं त्यात बोटानं आपलं नाव काढलं, भिमाचं बोट धरून त्यावरून फिरवलं आणि रोज गिरव म्हणाली.

त्याच नावावर भिमा सातवीला केंद्रात पहिली आली. त्याच नावावर तिला नगरला नादारी मिळाली, फी माफ झाली, वसतिगृह मिळालं.

हजेरी संपली. पोरी महालाच्या कमानी बघायला पळाल्या. भिमा तळ्यात उतरली.

“आक्के.”

आक्कानं पदर तोंडावर ओढला. “जा वर. तुज्या बाई बघत्यात.”

“बघू दे की. चल, बाईंना सांगते, ही माजी थोरली बहीन.”

“आन् नाव काय सांगशील माजं?”

भिमानं तिचं घमेलं उतरवायला हात पुढं केला.

तेवढ्यात लिंबाखाली बसलेल्या कारकुनानं मजुरांचं मस्टर उघडलं आणि ओरडला, “भिमा रंभाजी साबळे.”

भिमाच्या ओठावर ‘हजर’ आलंच होतं. सहा वर्षांत चारचौघांत तिला त्या नावानं कुणी पुकारलं नव्हतं. पण घमेलं ठेवून पुढं गेली ती आक्का. कुणी न सांगताच भिमाला उमगलं. एकच राही शाळेतही आणि कामावरही कशी असेल? कुणाच्या ध्यानात आलं असतं तर नादारी गेली असती, वसतिगृहही. म्हणून आक्का भिमा झाली होती.

कारकुनानं शाईचा पॅड पुढं सरकवला. आक्कानं मुकाट्यानं अंगठा टेकवला. त्यानं पुढचं नाव पुकारलं.

आक्का माघारी आली तशी भिमानं तिचा निळा झालेला हात धरला. तिला रडू आवरेना.

“अंगठा का गं, आक्के? तुला लिवता येतं की.”

आक्कानं हात सोडवून घेतला. अंगठा पदराला पुसला, तरी निळा तो निळाच राहिला. मग तिनं घमेलं उचललं.

“एकच नाव येतं,” ती म्हणाली. “ते तुज्याकडं हाय.”