मल्लूची वही

"आजबी अकरालाच," ग्यानोबा गुरुजी म्हणाले आणि वही नीलापुढं सरकवली.

नीलानं उभ्याउभ्याच वाचलं. आठवा महिना चालू होता. खाली बसलं की उठताना भिंत धरावी लागे. 'अकरा वाजून पाच. टँकरचा भोंगा. मल्लू ओरडला. पाटी आपटली. दंडावर निळा डाग.' सोमवारी तेच, मंगळवारीही तेच.

"सोताच्याच दंडाला चावतंय बघा. भोंग्याची लई दहशत बसली त्याला."

मल्लू, तिचा धाकटा, सात वर्षांचा. पण त्याला बोलता येत नव्हतं. चिंचोक्यांच्या रांगा लावायला बसला की तास तास जागचा हलत नसे, आणि बिथरला की चौघांना आवरत नसे. शाळा एका खोलीची, पहिली ते चौथी सगळी एकत्र. तो ओरडायला लागला की गुरुजी बाकीच्या पोरांना बाहेर सोडत आणि त्याला पोटाशी धरून बसत. त्यात अर्धा तास जाई. 'एका येड्यापायी आमच्या लेकरांचं वाटुळं,' असं लोक तिच्या तोंडावर बोलू लागले होते.

लातूर जिल्हा वेगळा होऊन तीन वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्यानं तिच्या नवऱ्याला, चंद्रप्पाला, कारकुनाची नोकरी दिली आणि पंधरवड्यातून एकदा घरी यायची सवय लावली. पाऊस मात्र दोन वर्षं इकडं फिरकला नव्हता.

पंचाक्षरी सरही लातूरहूनच यायचे. असल्या मुलांना साध्या शाळेतच कसं सांभाळायचं, ते शिकून आलेले. वही त्यांनीच घालून दिली होती. "ओरडायच्या आधी काय झालं, तेवढं रोज लिहा. आणि ओळखीचं कुणीतरी शेजारी बसवा." तेव्हापासून चौथीतली संगू, मल्लूची बहीण, त्याच्याशेजारी बसू लागली. एक महिन्याची मुदत होती. तोवर ओरडणं थांबलं नाही, तर मल्लूला नांदेडच्या वसतिगृहात धाडायचं ठरलं होतं.

नीलानं ते वसतिगृह पाहिलं होतं. कॉलेजात असताना मुलींबरोबर तिथं केळी वाटायला गेली होती. खाटांच्या पायांना बांधलेल्या कापडी पट्ट्या तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हत्या.

घरी आली तेव्हा संगू मल्लूच्या दंडाला तेल लावत होती. दोन्ही कळश्या भरून ठेवलेल्या.

"दुखतंय का रं?" संगू त्याला विचारत होती. मल्लू तिच्या वेणीशी खेळत होता.

ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावल्यापासून पाणी संगूकडं आलं होतं. "काहीबी कर, पण टँकरचा नंबर चुकवायचा न्हाई. पाण्याबिगर काय खायचं आपण?" नीला रोज सकाळी सांगे. संगू 'हाव' म्हणे, आणि पाणी येई. शेजारच्या सरजाबाई म्हणायच्या, "गुणाची हाय गं तुझी पोर. माझ्या सुना न्हाईत अशा." नांदेडचं मात्र नीलानं संगूच्या कानावर घातलं नव्हतं. दहा वर्षांच्या जिवाला कशाला घोर?

भोंग्याचाच त्रास, तर भोंगाच बंद करू. पोट सावरत ती टँकरवाल्याकडं गेली.

"शाळेजवळ वाजवू नका भाऊ."

"न वाजवता आलो तर बाया माझ्या नावानं बोंब मारतील की, वैनी!" तो हसला. पण त्यानं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी टँकर गुपचूप आला. मल्लू ओरडला.

टँकरच्या घरघरीला भीत असेल म्हणून कानात कापूस घातला. ओरडला. दोघा भावंडांना खिडकीपासून उठवून भिंतीकडं बसवलं. तरी ओरडला.

"सर, रविवारी भोंगा वाजला तरी हा घरी चिंचोके मांडत बसतो," नीला म्हणाली.

"घर ते घर, ताई. इथं चाळीस पोरांचा गलका."

शेवटी एक दिवस ती स्वतःच वर्गात मागं भिंतीला टेकून बसली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मल्लूनं पाटीभर रेघा ओढल्या. एकदा मान वळवून तिच्याकडं पाहिलं आणि हसला. शाळा सुटेपर्यंत हूं नाही की चूं नाही.

तिला आभाळ ठेंगणं झालं. गुरुजींनी मात्र मान हलवली. "आई लागती त्याला. आता आईला का पहिलीत दाखल करून घ्यावं?"

त्या दिवशी घरात पाण्याचा थेंब नव्हता. सरजाबाईंनी आपल्यातली एक कळशी आणून दिली आणि वर दटावलं, "असल्या दिवसांत शाळेत जाऊन बसती व्हय गं? तिथंच बाळंत व्हशील!"

पुढच्या दिवशी नीलाचे पाय सुजले. ती घरीच राहिली. वहीत पुन्हा अकरा वाजले.

मुदत संपली. पंचाक्षरी सरांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, चष्मा पुसला आणि सही केली. "आपण काही करायचं ठेवलं नाही, ताई," ते म्हणाले. तिलाही तसंच वाटत होतं.

चंद्रप्पा रजा काढून आला. पहाटेच्या एसटीनं मल्लूला घेऊन गेला. मल्लूच्या मुठीत चिंचोके होते. संगू उठली तेव्हा नीलानं तोंड फिरवून सांगितलं, "मामाकडं गेलाय."

अकरा वाजता टँकर आला. आता वाजवायला कुणाची हरकत नव्हती; भोंगा लांबवर वाजत राहिला. नीलानं कानांवर हात ठेवले.

दुपारी संगू दारात उभी राहिली. दोन्ही कळश्या रिकाम्या.

"नंबर चुकला का गं?"

"गुरुजींनी सोडलंच न्हाई. टँकर निघून गेला." संगूला हुंदका आवरेना. "माय, मल्लूला लवकर बोलव की. त्याला चिमटा काढल्याबिगर सुट्टी कशी व्हायची?"