रिम्माचा नवरा

"ही तुमची कढई. घ्या, आणि मला मोकळं करा," तिखोन फाटकातूनच म्हणाला.

बिडाची ती अवजड कढई सायकलला बांधून त्याने कझाकस्तानातलं अर्धं उश्तोबे गाव पालथं घातलं होतं. चर्चमधल्या रविवारच्या जेवणाचा पुलाव त्याची बायको रिम्मा याच कढईत करायची. वसंतात रिम्मा गेली. तेव्हापासून कढई त्याच्या ओसरीत पडून होती आणि येता-जाता त्याच्या पायाला लागत होती.

चर्चच्या फाटकाशी आलेल्या स्वयंपाकीण एम्माने कोपरापर्यंत पिठाने माखलेले हात दाखवले. "भाऊ, मी कशी धरू? तेवढी आत नेऊन ठेवा ना."

"मी कुणाचा भाऊबिऊ नाही."

"बरं, नाही तर नाही. पण कढई आतच ठेवावी लागेल."

तिखोन कुरकुरत आत शिरला. इतकी वर्षं दर रविवारी तो रिम्माला या फाटकापर्यंत सोडायचा आणि पाठ फिरवून जायचा. रेल्वेत उभा जन्म काढलेला माणूस. देव आणि आपण वेगवेगळ्या रुळांवरून जातो, असं तो म्हणायचा.

आत द्राक्षाच्या मांडवाखाली फळ्या जोडून लांबलचक टेबल केलं होतं. कोरियन म्हाताऱ्या, कझाक पोरीबाळी, दोन-चार जर्मन, बाकी रशियन, सगळे दाटीवाटीने बसले होते. पाद्री नुरझान बाह्या सारून खरबूज कापत होता. कढई चुलीशी ठेवून तिखोन वळला, तोच कुणीतरी त्याची बाही धरली.

क्लावाआजी होती ती. ऐंशी पार केलेली, मुठीएवढी कोरियन म्हातारी.

"बस," ती म्हणाली.

"मला घाई आहे."

"कसली घाई? घरी कोण वाट बघतंय तुझी?"

एम्माने जीभ चावली. म्हातारी बाही सोडेना. शेवटी तो बाकाच्या टोकाला टेकला.

नुरझानने प्रार्थना म्हटली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिखोन खरबुजावर फिरणारी गांधीलमाशी बघत राहिला. मग आंबटसर गार रश्श्यातल्या शेवयांचे वाडगे आले. सगळ्यांच्या वाडग्यांवर कोथिंबीर भुरभुरलेली. त्याच्या वाडग्यात तेवढं एक पानही नव्हतं.

"यात कोथिंबीर कशी नाही?"

"तुम्हाला चालत नाही ना," एम्मा म्हणाली. "ढेकणासारखा वास येतो म्हणे तुम्हाला."

"कोण म्हणे?"

"आणि बाकाच्या त्या टोकाला बसू नका, भाऊ, टेबलाचा पाय आडवा येतो. डावा गुडघा दुमडत नाही तुमचा. इकडे या, पाय लांब करता येईल."

पलीकडून एक दाढीवाला हसत ओरडला, "टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईशी भांडण अजून चालू आहे का हो? का मिटलं?"

टेबलभर खसखस पिकली. तिखोनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो ताडकन उठला. "म्हणजे दर रविवारी इथं बसून ती माझी धुणी धूत होती! चार लोकांत!"

हशा थांबला. क्लावाआजीने मात्र शांतपणे शेवया सुर्रकन ओढल्या, तोंड पुसलं, आणि मग बोलली.

"धुणी कसली, वेड्या? इथं जेवणाआधी प्रत्येक जण आपल्या माणसासाठी मागणं मागतो. रिम्माला दुसरं माणूस होतं का? मग आज तुझा गुडघा, उद्या तुझा खोकला. एकदा तर तू पत्रे ठोकायला छपरावर चढला होतास. तू उतरला असशील असं तिला वाटेपर्यंत कुणाला चमचा उचलू दिला नाही तिने. रस्सा गार झाला सगळा."

"तेव्हा पुलाव होता, आजी," एम्मा म्हणाली.

"पुलाव तर पुलाव. गार झाला ना?"

तिखोन उभाच होता. टेबलाची कड त्याने घट्ट धरली होती. एवढ्या माणसांतल्या एकाचंही धड नाव त्याला ठाऊक नव्हतं, आणि या सगळ्यांनी मिळून त्याला छपरावरून खाली उतरवलं होतं.

"शेवटी..." त्याने विचारलं. "शेवटी आली होती तेव्हा काय मागितलं तिने?"

नुरझानने सुरी खाली ठेवली. क्लावाआजीच म्हणाली, "शेवटी देवाकडे नाही मागितलं. आमच्याकडे मागितलं. म्हणाली, मी गेल्यावर तो चुलीपाशी उभ्या उभ्याच जेवेल, पातेल्यातून. त्याला कुणीतरी बसवा गं."

तिखोनने खाली बघितलं. वसंतापासून तो तसाच जेवत होता. पातेल्यातून, चमच्याने, भिंतीकडे तोंड करून.

एम्मा सरकली. दाढीवाला सरकला. बाकावर मधोमध जागा झाली. तिखोन तिथे जाऊन बसला, डावा पाय टेबलाखाली लांब केला आणि वाडगा पुढे ओढला. बराच वेळ तो मान खाली घालून खात होता. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही; सगळे मुद्दाम मोठमोठ्याने बटाट्याच्या पिकावर वाद घालत होते. दाढीवाल्याने न विचारता त्याच्या वाडग्यात आणखी रस्सा ओतला.

उन्हं कलली तेव्हा बायका भांडी गोळा करू लागल्या. तिखोन टोपी चुरगाळत क्लावाआजीपाशी आला.

"इथं प्रत्येक जण घरून काहीतरी करून आणतो, नाही का?"

"आणतो की."

"मला काही येत नाही. बटाटे उकडता येतात, बस. तेही सालासकट."

"मग उकडून आण," म्हातारी म्हणाली. "सोलायला आम्ही आहोत."