मागची बाजू

चिठ्ठ्यांचा डबा मुळात बिस्किटांचा, वर चीर पाडलेला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तो टेबलावर उपडा केला आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या पोरीला हळूच बजावलं, "लक्षात आहे ना? चिठ्ठी कोणाची हे शोधायचं नाही. नजरेनेसुद्धा नाही."

पोरीने मान हलवली. ती अठरा वर्षांची. घरी सात महिन्यांचं बाळ. शाळा, दवाखाना आणि महिला मंडळ यांनी मिळून ठरवलं होतं, की मोठ्यांनी सांगून काही उपयोग नाही, जिच्यावर बेतलंय तिनेच सांगावं. दर गुरुवारी एक वर्ग. आज नववीचा. तिसऱ्या बाकावर तिची धाकटी बहीण, छोटी, मान खाली घालून बसली होती. लाजत असेल, तिला वाटलं. सख्खी बहीण चारचौघींत असलं बोलणार म्हटल्यावर कोण मान वर करेल?

तिने पहिली चिठ्ठी उघडली. "बसच्या सीटवर बसून दिवस जातात का?"

"नाही. बस चुकली तर मात्र अख्खा दिवस जातो."

वर्ग खिदळला. दुसरी चिठ्ठी. "तो लग्न करतो म्हणाला तर?"

"लेखी घ्या. मी तोंडी घेतलं होतं."

नर्सबाईसुद्धा हसल्या. घड्याळात बारा वाजत आले होते. बाळाची दुधाची वेळ. आई बाटली नीट उकळेल ना, या विचारात तिने तिसरी चिठ्ठी उचलली. वहीच्या अख्ख्या पानाची चौपदरी घडी होती. तिने सवयीने मोठ्याने वाचलं.

"किती महिन्यांपर्यंत घरी कळत नाही?"

कोणीच हसलं नाही. पानामागून पेनाचे वळ बोटांना लागत होते. तिने ते उलटलं.

सहा चाळीस, एकशे वीस मिली. नऊ दहा, दीडशे मिली. शी पातळ.

तिचंच अक्षर. उशाशी ठेवलेल्या वहीतलं. बाळाच्या दुधाचा थेंब न् थेंब ती त्या वहीत टिपून ठेवायची, पानाच्या एकाच बाजूला.

नजरेनेसुद्धा नाही. पण नजर गेलीच. डोक्यावर पंखा गरगरत होता, मुली वह्यांनी वारा घेत होत्या, आणि छोटीच्या अंगात स्वेटर होता. तिचाच जुना, ढगळ. महिनाभर पोरगी "थंडी वाजते" म्हणत होती, आणि महिनाभर हिला बरं वाटत होतं, की चला, कोणाच्या तरी अंगाला लागला. त्याच स्वेटरखाली तिने स्वतःचं पोट लपवलं होतं.

"सांग की गं," नर्सबाई म्हणाल्या.

"मी... पाच महिने लपवलं." तिने कागद मुठीत दाबला. "तेवढ्यात सगळं हातातून गेलं. जिने हे लिहिलंय, तिने थांबू नये. उद्या नाही, आज. नर्सबाई आहेत. मी आहे. कोणी रागावणार नाही."

"तुमच्यावर नव्हतं का कोणी रागावलं?" मागच्या बाकावरून एकीने विचारलं.

वडिलांनी पट्टा काढला, त्या दिवशी छोटी दारातच उभी होती.

घंटा झाली. मुली कलकलाट करत बाहेर पडल्या. नर्सबाई हजेरीवर मुख्याध्यापिकांची सही घ्यायला गेल्या. छोटी जागची हलली नाही.

ती तिसऱ्या बाकाशी जाऊन खाली उकिडवी बसली. "कितवा?"

छोटीने स्वेटर दोन्ही हातांनी गुडघ्यांवर ओढला.

"अगं, बोल ना! डब्यात कसलं टाकतेस? मला सांगायचंस! एका अंथरुणात झोपतो आपण, आणि मला..."

छोटीने तिच्या मुठीतून कागद सोडवून घेतला. मांडीवर ठेवला, तळव्याने सरळ केला.

"पंधरा दिवस हे पान तुझ्या वहीतच होतं, ताई," ती म्हणाली. "मला वाटलं, तू उलटशील."