जाग

"काकू, कोलेस्टेरॉल उतरलं!" पुतणीनं दारातूनच रक्ताचा रिपोर्ट नाचवला.

काकू मटार सोलत बसली होती. "त्याच गोळीनं? ती तर तू लहानपणापासून खातेयस. तेव्हा ढिम्म हललं नाही ते."

"गोळी तीच गं. ती लिव्हरमधल्या जनुकांना जागं करते, मग लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. माझ्या लिव्हरमधली ती जनुकं जन्मापासूनच बिघडलेली होती. गोळी हाका मारायची, पण ओ द्यायला कुणी नव्हतं."

"आणि आता?"

पुतणीनं रिपोर्टची घडी घातली. गेल्या वर्षी काकूचा मुलगा अपघातात गेला. कोलेस्टेरॉलपायी पुतणीचं हृदय फार काळ तग धरणार नाही, हे तेव्हा घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याचं लिव्हर हिला बसवा, असं डॉक्टरांना काकूनंच सांगितलं. त्या दिवसापासून दोघींमध्ये त्याचा विषय कधी निघाला नव्हता.

"आता तिथं दादाची जनुकं आहेत," पुतणी हळू आवाजात म्हणाली. "गोळी त्यांना उठवते."

काकूचे हात थांबले. "एका गोळीत उठतो? माझ्या तर दहा हाकांना दाद द्यायचा नाही."

जेवणानंतर पुतणीनं गोळीचं पाकीट काढलं, तेव्हा काकू पाण्याचा पेला घेऊन समोर उभी होती.

"दमानं उठव हं त्याला," ती म्हणाली. "एकदम उठवलं की चिडतो."