बत्तीस अक्षरं

रविराजनं चौथ्यांदा नवा पासवर्ड टाकला. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा तीच खिडकी समोर आली. आतिफचं नाव आणि खाली रिकामी चौकट. पासवर्ड मानायचा आणि माणसाला मात्र दारातूनच परत पाठवायचं, असला त्या कम्प्युटरचा शहाणपणा.

"पासवर्ड मी बदललाय भाभी, तो ह्याला चालतोय," रविराज म्हणाला. कंपनीत तो आतिफच्याच शिफ्टला होता आणि दोघांनी मिळून हौसेनं या कम्प्युटरात विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं. "पण त्यानं फायलींना कुलूप लावलंय. ते जुन्याच पासवर्डनं उघडतं. आन् तो तर फकस्त आतिफला..." पुढचं त्यानं गिळलं.

आतिफची बायको अफरीन शेजारीच बसली होती. आतिफ जाऊन सव्वा महिना झाला होता. तिच्यासमोर लोकांची वाक्यं अशीच अर्धी राहायची. लग्नापासूनचे सगळे फोटो त्यानं कॅमेऱ्यातून काढून यातच ठेवले होते, कागदावर एकही नव्हता. मुलगी मेहक दीड वर्षाची. बाप कसा दिसायचा, हे तिला त्यातूनच कळणार होतं.

"एक उपाय हाय," रविराज म्हणाला. "कुलूप लावलं तवा बत्तीस अक्षरांची एक ओळ आली असंल. ती लिहून जपून ठेवायची असती, पासवर्ड नसला तरी तिच्यानं कुलूप उघडतं. कुठं लिहिली असंल का त्यानं?"

अफरीनला आठवलं. त्याच्या पाकिटात चार घड्या घालून प्लास्टिकमध्ये बसवलेला एक कागद असायचा. ती उठून स्वयंपाकघरात गेली. आतिफची आई, गुलशन, मेहकला भात भरवत होती.

"अम्मी, ह्यांच्या पाकिटात प्लास्टिकमधी कागद व्हता. कुठं हाय?"

"तावीज? वडगाव रासाईला गेले तवा भीमेत सोडला. असल्या कागदावर कुणाचा पाय पडू नये." गुलशनचा हात घासासकट थांबला. "का गं? कामाचा व्हता का काय?"

अफरीन दाराची चौकट धरून उभी राहिली. बाहेर रविराज पुन्हा पासवर्ड टाकून बघत होता. बटणांचा आवाज आत येत होता.

"न्हाई अम्मी. तावीजच व्हता."

"मग पोचला असंल त्याला," गुलशन म्हणाली आणि तिनं मेहकच्या तोंडात घास दिला.