साहेब मीटिंगला गेलेत

न्यायालयाच्या हुकमाला जगात कुणी अडवू शकत नाही. भामाबाईंनी अडवला. फरशी नुकतीच पुसली होती.

"वाळू द्या की जरा," फडकं पिळत त्या म्हणाल्या. "कोर्ट काय पळून चाललंय व्हय?"

हुकूम म्हणजे बेलिफ मानसिंग. साताऱ्याहून एसटीनं आलेला. चपला हातात घेऊन तो दवाखान्याच्या दारात उभा राहिला, आणि त्याच्यामागे साळूबाई. गावाचं नाव सांगत नाही. तिथं सरकारी दवाखाना एकच आहे.

नोटिशीतला मजकूर सरळ होता. साळूबाईंची लेक रेश्मा इथं बाळंतपणात गेली. तिचे सगळे कागद दवाखान्यानं कोर्टात हजर करावेत. साळूबाईंनी आधी साधा अर्ज करून पाहिला होता. 'कागद आढळून येत नाहीत,' असं उत्तर आलं होतं, जावक क्रमांकासह. म्हणून आता कोर्टाचा शिक्का. नोटीस डॉक्टरांच्या हातातच पडायला हवी होती, आणि डॉक्टर कोणते ते ओळखून दाखवायला साळूबाईंना बरोबर आणलं होतं. आज पडली नाही, तर पुन्हा पुढची तारीख. तारखा लांबल्या की कागद खरंच आढळून येईनासे होतात, हे वकिलांनी त्यांना सांगून ठेवलं होतं.

"साहेब मीटिंगला गेलेत," सिस्टर म्हणाल्या. "साताऱ्याला."

"मी साताऱ्यासनंच आलोय," मानसिंग म्हणाला. "वाटंत कुठं दिसलं न्हाईत."

साहेबांच्या खोलीत पंखा फिरत होता. टेबलावरच्या चहावर अजून साय धरली नव्हती. मानसिंगनं नोकरीत असे चहा पुष्कळ बघितले होते. तो कुणाला न विचारता पुरुषांच्या वॉर्डात शिरला.

वॉर्ड भरलेला. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं आणि शेवटच्या कॉटवरचा रुग्ण डोक्यावरून लाल ब्लँकेट ओढून, भिंतीकडे तोंड करून निजला होता. ब्लँकेट तोकडं होतं. दुसऱ्या टोकाला इस्त्रीची पँट आणि पायांत मोजे.

"ह्याला काय झालंय?"

"ताप," सिस्टर म्हणाल्या.

"मोजं घालून?"

"थंडीताप."

बाकीचे रुग्ण एकाएकी छताचे पंखे निरखू लागले. हसलं कुणी नाही. संध्याकाळची सुई त्यांना याच दवाखान्यात घ्यायची होती.

मानसिंगला मात्र मजा वाटू लागली होती. "मावशी, या हिकडं. तुमी ओळख पटवा. हेच का ते मीटिंगवालं?"

साळूबाई कॉटपाशी गेल्या. बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तोंडावरनं काढा ते, डाक्टर. हितं असं झाकल्यालं म्या एकदा बघितलंय."

मानसिंगचं हसू गेलं. हातातल्या चपला त्यानं उगाचच पाठीमागे नेल्या.

ब्लँकेट खाली आलं. डॉक्टर शौनक तिशीचेही नव्हते. केस विस्कटलेले, कान लाल, गळ्यात स्टेथोस्कोप तसाच. ते उठून बसले, पण पाय खाली सोडायचा धीर त्यांना होईना. नोटीस न वाचताच त्यांनी मांडीवर घेतली आणि सही केली. एरवी 'तारीख घाला, शिक्का मारा' म्हणून दरडावणाऱ्या मानसिंगनं आज पेनसुद्धा परत मागितलं नाही.

"कागद हायती का?" साळूबाईंनी विचारलं. "तिला रगात चढवलं का न्हाई, तेवढं मला कळाया पायजे. कोर्टबिर्ट मागनं."

डॉक्टरांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी फरशीकडे.

"आहेत," डॉक्टर म्हणाले. आवाज अजून ब्लँकेटखालीच होता. "माझ्या कपाटात. आजी, ते उत्तर मीच..."

साळूबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. परक्या माणसाला नको त्या अवस्थेत बघितल्यावर घरंदाज बाई फिरवते, तसं.

तेवढ्यात दाराआडून केरबा पुढे सरकला. उसाला पाणी पाजताना चक्कर येऊन पडला होता, सकाळीच त्याला इथं आणलं होतं. एका हाताला सुई, सुईला नळी, आणि दुसऱ्या हातानं डोक्याच्या वर धरलेली सलाईनची बाटली. मघापासून तो तसाच उभा होता.

"सायेब," तो म्हणाला, "उठताय का वाईच? बाटली अजून अर्धी हाय, आन् हात लय भरून आलाय."